बायकोचं पोट आणि माझा गॅस

आमच्या घरात पोट एकच होतं, आणि ते माझं. म्हणजे जेवण्यापुरतं बायकोला होतं, मुलीलाही होतं. पण ज्याच्याबद्दल बोलायचं, ज्याला जपायचं आणि ज्याच्यासाठी औषधं आणायची, ते पोट माझं एकट्याचं. लग्नाच्या आधीपासून मला गॅस आहे. सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा माझ्या आईने मुलाची माहिती म्हणून शिक्षण, नोकरी आणि गॅस या तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या होत्या. त्यामुळे फसवणूक झाली असं कोणी म्हणू शकत नाही.

आम्ही नालासोपारा पूर्वेला, तुळिंजमध्ये राहतो. दोन खोल्या नि स्वयंपाकघर, चौथा मजला. स्वयंपाकघरातली वरची एक फळी माझी. तिथे ओवा, हिंग, सैंधव, दोन प्रकारची चूर्णं, आवळ्याच्या गोळ्या आणि मेडिकलवाल्याने 'हे नवीन आलंय' म्हणून दिलेल्या तीन-चार बाटल्या. घरात वाल होत नसत, कोबी होत नसे, हरभऱ्याची डाळ फक्त होळीला, तीही पुरणात. मुलीला छोले आवडतात. ते तिला बाहेर जाऊन खावे लागत. नातेवाइकांचा फोन आला की 'कसे आहात' असं कोणी विचारत नसे. 'पोट काय म्हणतंय?' असंच विचारत. मीही सविस्तर सांगत असे.

मी सातिवलीला एका प्लास्टिकच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आमच्याकडे बाटल्यांची झाकणं बनतात. तिथेही माझं ताक वेगळं, माझी बसायची खुर्ची वेगळी, आणि जेवणानंतर वीस मिनिटं माझ्याशी कोणी कामाचं बोलायचं नाही हा अलिखित नियम. बायको वसईतल्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते. तिला कधी काही होत नसे. झालं तर ती सुट्टीत उरकून घेत असे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात ती जेवताना म्हणाली, "पोट जड जड वाटतंय. चार घास खाल्ले की पुरे होतं."

खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटाच होतो. मी उठून फळीवरून ओवा काढला, चिमूटभर सैंधव घातलं आणि तिच्या हातावर ठेवलं. मग तिला नीट तपासलं, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या प्रश्न विचारले.

"ढेकर येतात?"

"नाही."

"गुडगुडतं?"

"नाही. नुसतं फुगल्यासारखं वाटतं. सकाळी पण."

"सकाळी? उपाशीपोटी?"

"हो."

मला हे पटेना. तीस वर्षांच्या अनुभवात माझं पोट सकाळी उपाशीपोटी कधी फुगलं नव्हतं. मी तिला सांगितलं, "तुझा गॅस अजून नीट झालेला नाही. सुरुवात आहे."

ती ओवा चावत राहिली.

पंधरा दिवस ओवा झाला. मग हिंगाचं पाणी झालं. मग माझ्या मोठ्या बहिणीने, ती भाईंदरला असते, फोनवरून जिऱ्याचं पाणी सांगितलं आणि जाता जाता म्हणाली, "तिला कशाला रे गॅस होईल? ती तर दिवसभर उभीच असते." बहिणीचा सूर असा होता की भावाचा आजार वहिनीने परस्पर उचलून नेला. सोसायटीच्या बायकांनी चालायला सांगितलं. ती चालायला लागली. पहाटे मैदानावर पाच फेऱ्या, मग डबे, मग रिक्षा, मग शाळा. पोट काही उतरेना. उलट साडीच्या निऱ्या खोचताना तिला त्रास व्हायला लागला. ती निऱ्या कमी घालायला लागली.

डिसेंबरात मी तिला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे माझी गोळी संपली होती, तेव्हा तीही सोबत आली. डॉक्टर तुळिंजमध्ये पंचवीस वर्षं आहेत. भला माणूस. दवाखान्यात कायम गर्दी. आम्ही आत गेल्यावर ते मला म्हणाले, "बोला, काय म्हणतंय पोट?" मी सांगायला लागलो. ते ऐकत होते, मान डोलवत होते, मला झोपवून त्यांनी चारही बाजूंनी पोट दाबलं, टिचक्या मारून आवाज ऐकला. दहा मिनिटं गेली असतील. उठता उठता मी म्हटलं, "हिलाही जरा तसंच होतंय."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "वय किती?"

"त्रेपन्न."

"पाळी बंद झाली?"

"चार वर्षं झाली."

"मग होणारच. या वयात वजन पोटावरच येतं. भात कमी करा, चहा कमी करा, चाला."

"डॉक्टर, चालतेय रोज. आणि खाणं तर अर्ध्यावर आलंय," ती म्हणाली.

"टेन्शन घेऊ नका. शिक्षिका ना तुम्ही? मुलांना ओरडून ओरडून हवा पोटात जाते."

त्यांनी तिला माझीच गोळी लिहून दिली. आम्ही दोघं एकाच कागदावर बाहेर आलो. मेडिकलवाल्यालाही सोपं पडलं, दोन पट्ट्या दिल्या.

रस्त्यात ती म्हणाली, "अहो, त्यांनी माझ्या पोटाला हातसुद्धा लावला नाही."

"अनुभवी डॉक्टरला हात लावावा लागत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी नेमकं त्या भाजीवाल्यांच्या गर्दीत कुठे उभा राहून म्हणालो ते मला आठवतं. तिथून जाताना मी अजूनही भरभर पावलं उचलतो.

संक्रांतीला हळदीकुंकू झालं. जी बाई येई ती बायकोकडे बघून म्हणे, "छान तब्येत धरलीय हं तुम्ही." एकीने तर खाऊनपिऊन सुखी असल्याचं सर्टिफिकेटच दिलं. त्या दिवशी ज्या बाईला हे सर्टिफिकेट मिळालं तिने सकाळपासून एक अर्धी पोळी आणि दोन तिळाचे लाडू खाल्ले होते. मला माहीत होतं, कारण उरलेली पोळी मी खाल्ली होती.

तिच्या शाळेत वसईजवळच्या गिरीज गावच्या एक बाई आहेत, तिसरीच्या वर्गाला शिकवतात. त्यांची वाडी आहे. वाडीतल्या केळ्यांचा फणा त्या दर शनिवारी बायकोला देतात. आधी ती दोन केळी तिथेच खाऊन उरलेली घरी आणायची. त्या हिवाळ्यात पूर्ण फणा घरी यायला लागला. मला केळी चालतात, म्हणून मी काही विचारलं नाही. गिरीजच्या बाईंनी मात्र तिला विचारलं. "केळं पण जात नाही म्हणजे काय झालंय काय तुला?" तिने सांगितलं, गॅस आहे, घरी औषध चालू आहे. "कोणाचं औषध?" त्या म्हणाल्या. ती म्हणाली, "ह्यांचं."

मग वर्गात एक गोष्ट झाली. दुसरीच्या वर्गात पाढे चालू होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, तुमच्या पोटात बाळ आहे का?"

पाढे थांबले. बायकोने हसून सांगितलं, नाही गं, बाईंचं पोट दुखतंय. पण सात वर्षांच्या मुलांना एक गोष्ट मिळाली की ती घरी जाते. आणि घरातून ती पालकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर जाते. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी तिला ऑफिसात बोलावलं. बिचाऱ्यांनी आधी खिडकी लावली, मग उघडली. मग म्हणाले, "बाई, हा तुमचा खाजगी विषय आहे. फक्त रजेचं वगैरे काही असेल तर आधी सांगा. बदली शिक्षिका मिळायला वेळ लागतो."

"सर, मी त्रेपन्न वर्षांची आहे."

"हो हो. आजकाल काही सांगता येत नाही," सर म्हणाले आणि हजेरीपटात बघायला लागले.

ही गोष्ट तिने आम्हाला जेवताना सांगितली. मुलगी हसली, मी ठसका लागेपर्यंत हसलो. बायकोही हसली. मग तिने ताट बाजूला सरकवलं. त्यात भात तसाच होता. ती म्हणाली, "त्या पोरीला दिसलं ना पण." आम्ही हसत होतो, म्हणून ते वाक्य तसंच राहून गेलं.

आणखी काही गोष्टी होत्या. ती सारखी बाथरूमला जायला लागली होती. शाळेत एका तासात दोनदा. कंबर दुखत होती. एकदा ती म्हणाली की पोट डाव्या बाजूला टणक लागतंय, हात लावून बघता का. मी हात लावला. लागत होतं टणक. मी म्हटलं, "गॅस धरून बसतो कधी कधी तिथे." मग माझ्या पोटावर हात ठेवून माझं कुठे धरून बसतं ते तिला दाखवलं.

फेब्रुवारीत तिच्या भाचीचं लग्न निघालं. साडीवरचं ब्लाऊज शिवायचं म्हणून ती बाजारातल्या आपल्या शिंपिणीकडे गेली. या शिंपीणबाई एका जिन्याखालच्या गाळ्यात दोन मशीन घालून बसतात. बायकोचे कपडे बारा-तेरा वर्षं त्याच शिवतात, आणि गिऱ्हाइकांची मापं एका जाडजूड वहीत लिहून ठेवतात. त्यांनी टेप घेतली. दंड मोजला, थांबल्या, पुन्हा मोजला. छाती, कंबर. वही काढून गेल्या वर्षीचं पान बघितलं.

"बाई, आजारी होतात का?"

"नाही तर."

"दंड दीड इंचाने उतरलाय. खांदे पण उतरलेत. गळ्याजवळची हाडं बघा. आणि कंबर चार इंच वाढलीय." शिंपीणबाईंनी टेप गळ्यात टाकली. "मी रोज बायका मोजते. जाड होणारा माणूस सगळीकडून जाड होतो. हे असं नसतं."

"गॅस आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

बायको वहीतलं जुनं माप बघत राहिली.

"माझ्या नणंदेचं असंच होतं. ती पण पोटाची औषधं घेत बसली. तुम्ही पोटाच्या डॉक्टरकडे जाऊ नका, बायकांच्या डॉक्टरकडे जा. ब्लाऊज मी नंतर कापते."

"लग्न पंधरा दिवसांवर आलंय."

"कापलं तर फुकट जाईल कापड. आधी दाखवून या."

घरी येऊन तिने हे सगळं मला सांगितलं. मी म्हटलं, "आता शिंपिणी निदान करायला लागल्या. दुसरीकडे टाक शिवायला." एवढं बोलून मी माझ्या विषयावर आलो, कारण त्याच आठवड्यात माझी तब्येत बिघडली होती. बायकोचं लक्ष नसल्यामुळे जेवणाच्या वेळा चुकत होत्या आणि मला करपट ढेकर येत होते. मी वसईतल्या एका मोठ्या पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून तपासायचं ठरवलं. त्यासाठी बारा तास उपाशी राहायचं होतं. मी भोवळ येऊन पडेन म्हणून मुलीने ऑफिसातून रजा काढली. माझी बहीण भाईंदरहून सकाळीच फोनवर. बायकोने माझी फाईल लावून दिली. आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, वर रबर बँड. मग ती शाळेत गेली.

त्या दिवशी शनिवार होता, शाळा सकाळची. शाळा सुटल्यावर गिरीजच्या बाईंनी केळ्यांचा फणा तिच्या हातात दिलाच नाही. तिला सरळ रिक्षात बसवलं आणि आपल्या ओळखीच्या एका लेडी डॉक्टरांकडे नेलं. हे दोघींनी मिळून आठवडाभर आधी ठरवलं होतं. मला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, असं मी नंतर विचारलं. बायको म्हणाली, "तुमची तपासणी होती ना. तुम्हाला ताण नको."

तिकडे तिची तपासणी चालू होती तेव्हा मी एका कुशीवर झोपून तोंडात नळी घेऊन होतो. मोठे डॉक्टर पडद्यावर बघत होते. नळी काढल्यावर मी बसलो आणि वाट बघत राहिलो.

"काही नाही," ते म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"सगळं स्वच्छ आहे. पोट तुमचं उत्तम आहे. वेळेवर जेवा, काळजी कमी करा."

मला आनंद व्हायला हवा होता. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. तीस वर्षांचा अनुभव त्यांनी दोन वाक्यांत काढून घेतला. बाहेर येऊन मी मुलीला म्हणत होतो की मशीन जुनं असावं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता.

"मी सोनोग्राफीच्या इथे बसलेय," बायको सांगत होती. मुलीने फोन स्पीकरवर टाकला. "पाणी पीत बसायला सांगितलंय. बाबांचं झालं का?"

"झालं. नॉर्मल आहे. पण तू कशाला सोनोग्राफी?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलं. लगेच कर म्हणाल्या. उद्यावर नको."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी जे बोललो ते इथे लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हटलं, "आधी मला काहीतरी खायला दे. बारा तास झालेत."

मुलीने रिक्षा थांबवली. आत बसली. मीही बसलो. उपाशीच.

सोनोग्राफीच्या बाकावर बायको पाण्याची बाटली घेऊन बसली होती, आणि गिरीजच्या बाई तिची पर्स आणि चपला सांभाळत होत्या. गिरीजच्या बाईंना मी त्याआधी दोनदाच भेटलो होतो. त्यांनी मला बसायला जागा दिली. दुसरं काही म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

बायकोने हळूच सांगितलं, डॉक्टरबाईंनी बराच वेळ विचारपूस केली. किती दिवस झाले, रोज होतं की कधी कधी, जेवण कमी झालं का, लघवीला सारखं जावं लागतं का, आई-मावशीला काही होतं का. मग टेबलावर झोपवलं आणि पोटावर हात ठेवला. "हात ठेवल्याबरोबर त्या बोलायच्या थांबल्या. आधी किती बोलत होत्या."

चार महिन्यांत तिच्या पोटावर डॉक्टरचा हात पहिल्यांदा पडला होता.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आम्ही चौघं डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्या वयाने माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी रिपोर्ट टेबलावर सरळ ठेवला आणि माझ्याशी न बोलता बायकोशी बोलायला लागल्या. ही पद्धत मला नवी होती.

"डाव्या बीजकोशावर गाठ आहे. मोठी आहे, साधारण नारळाएवढी. आणि पोटात थोडं पाणी साठलंय. म्हणून फुगल्यासारखं वाटत होतं, म्हणून जेवण जात नव्हतं. गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावरच नक्की कळेल. पण वय, पाणी, हे सगळं बघता मी वेळ घालवणार नाही. रक्ताची एक तपासणी आणि सीटी स्कॅन करून घेऊ, आणि तुम्हाला मुंबईच्या कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवते."

कॅन्सर हा शब्द त्यांनी सर्जनच्या आधी लावला होता, तरी आम्ही सगळ्यांनी तेवढाच ऐकला.

"म्हणजे हा गॅस नव्हता," मी म्हटलं.

"नाही."

"पण ओव्याने हिला थोडं बरं वाटायचं."

"नाही वाटायचं," बायको म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून तसं म्हणायचे मी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "गॅसने पोट फुगतं तसं उतरतंही. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचं पोट अचानक रोज फुगायला लागलं, दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, दोन घासांत भरायला लागलं, तर आत बघायचं असतं. बहुतेक वेळा काही नसतं. पण बघायचं असतं." हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं नाही. खोलीत पुरुष मी एकटाच होतो.

महिन्याच्या आत मुंबईत ऑपरेशन झालं. भाचीच्या लग्नाला कोणी गेलं नाही. सहा तास आम्ही बाहेर बसलो होतो. मी, मुलगी आणि बहीण. बहीण अधूनमधून सांगत होती की तिला पहिल्यापासून शंका होती. मी विचारलं, मग जिऱ्याचं पाणी का सांगितलंस. ती म्हणाली, ते कशालाही चालतं.

सर्जन बाहेर आले आणि म्हणाले की गाठ, दोन्ही बीजकोश, गर्भाशय आणि आतला चरबीचा पडदा काढला आहे, दिसतं ते सगळं निघालं आहे. आठ-दहा दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. कॅन्सरच होता. यकृताकडे वगैरे गेलेला नव्हता. तीन-तीन आठवड्यांनी सहा केमो सांगितल्या.

अहवालाचा कागद माझ्या हातात होता. मी तो तीन वेळा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. बायको म्हणाली, "द्या इकडे, माझा आहे." तिने तो स्वतःच्या नव्या फाईलमध्ये लावला.

मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. ज्या बाईने सुखी असल्याचं सर्टिफिकेट दिलं होतं ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मला तेव्हाच तुमचा चेहरा वेगळा वाटला होता." मुख्याध्यापक शाल आणि नारळ घेऊन आले. नारळ बघून बायकोला हसू आवरेना, टाके दुखायला लागले. सरांना कारण कळलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आमचे फॅमिली डॉक्टर रस्त्यात भेटले. म्हणाले, "बरं झालं, वेळेत लक्षात आलं आपल्या." त्या 'आपल्या'त ते होते. मी मान हलवली. कारण त्या 'आपल्या'त माझीही जागा होती, आणि ती सोडायची माझी हिंमत नव्हती.

एकट्या शिंपीणबाई आल्या आणि काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी दोन सैल मऊ गाऊन शिवून आणले होते, पुढून उघडणारे, टाक्यांना लागू नये असे. माप न घेता शिवलेले. बरोबर बसले.

केमोचे चार महिने मी स्वयंपाक केला. पहिल्या आठवड्यात कळलं की माझ्यासाठी वाल आणि कोबी टाळून, तिखट कमी करून, वेळेवर गरम ताट वाढणं हे काय काम आहे. तिला तोंडाला चव नसे. कधी नुसता वरणभात, कधी काहीच नाही. एके दिवशी तिने वालाची उसळ मागितली. मी मुलीला विचारून वाल भिजवले, मोड आणले, सोलले. सोलायला दीड तास लागला. तिने दोन चमचे खाल्ली, म्हणाली मीठ जास्त झालंय. बाकीची मी खाल्ली. मला काही झालं नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण मुलीने बघितलं होतं.

केस गेले तेव्हा बायको दोन दिवस आरशासमोर गेली नाही. तिसऱ्या दिवशी डोक्याला ओढणी बांधून खिडकीत बसून तिने वर्गातल्या मुलांच्या वह्या मागवल्या. गिरीजच्या बाई तो वर्गही सांभाळत होत्या. त्यांनी वह्यांचा गठ्ठा आणून दिला, वर केळ्यांचा फणा. बायकोने तपासताना प्रत्येक वहीत शेरा लिहिला. काही ठिकाणी अक्षर थरथरलं होतं.

आता ती पुन्हा शाळेत जाते. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. गेल्या तपासणीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या वेळेचं कोणी सांगू शकत नाही, आणि तपासणीच्या आधीचे आठ दिवस आम्ही एकमेकांशी फार चांगलं वागतो. तेवढ्या दिवसांत ती माझ्यावर चिडली की मला बरं वाटतं.

मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले. बोलता बोलता म्हणाले, मिसेसचं पोट महिनाभर फुगतंय, ओवा-बिवा देतोय, गॅस आहे. मी त्यांना लिफ्टमधून उतरू दिलं नाही. दार धरून ठेवलं आणि म्हटलं, उद्याच्या उद्या बायकांच्या डॉक्टरकडे न्या, सोनोग्राफी करा. खालून दोन माणसं लिफ्टसाठी ओरडत होती. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, दुसऱ्या दिवशीही गेलो. शेवटी कंटाळून त्यांनी नेलं.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. काही निघालं नाही. बद्धकोष्ठता होती. डॉक्टरांनी पालेभाज्या आणि पाणी सांगितलं. शेजाऱ्यांनी मला जिन्यात गाठून सुनावलं, उगाच घाबरवलंत, एक दिवसाची रजा गेली, बायकोने रात्रभर देव पाण्यात घातले. मी ऐकून घेतलं. माफी मागितली नाही. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, लिफ्टमध्ये मी असलो की जिन्याने जातात. त्यांच्या बायकोने मात्र दुसऱ्या दिवशी आमच्याकडे वाटीभर मेथीची भाजी पाठवली.